पुष्पाबाईचा अंगठा

पुष्पाबाईचा फोन पुष्पाबाईला ओळखेनासा झाला, आणि बाईनं तडक आपल्या पोराला धारेवर धरलं.

आता पुष्पाबाई म्हणजे साधीसुधी बाई नव्हे. मोहाडीजवळच्या एका गावातून रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणाऱ्या सोळा बायकांची ती म्होरकी. कोणाच्या रोपांचे पऱ्हे तयार झाले, कोणाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, कधी उतरायचं, कोणाला तोंडावर नाही म्हणायचं, सारं तिच्या एका फोनवर चालायचं. दिवाळीत घेतलेला तो फोन तिनं जिवापाड जपला होता. वरून जाड रबरी कव्हर, त्यावर पॉलिथिनची पिशवी आणि मग कमरेला खोचलेला. तीनदा शेताच्या धुऱ्यावर आपटला, एकदा बैलाच्या पायाखाली जाता जाता राहिला, तरी साधा चरा नाही. अंगठा टेकवला की टक्कन उघडायचा. आणि रोवणा लागून वीस दिवस झाले तोच हा गडी बिघडला. बाईनं तो पुसला, फुंकला, पदराला घासला. उघडायचं नाव नाही.

त्यात मनिषचं टुमणं महिनाभर चालूच होतं. मनिष तिचा एकुलता एक, मोहाडीला कॉलेजात जाणारा. "माय, नवा घे न वं. आता कसे पातळ येतेत, मांगून काचेचे. कॅमेरा तं असा, का डासाचे पाय मोजून घे. हा जुना मले दे." म्हणजे अंगठा चालेना म्हटल्यावर चोर शोधायला लांब जायची गरजच नव्हती.

"तूच काढला न यातून माझा अंगठा?"

"मी कायले काढू?"

"नवा घ्यावा म्हणून! मले येडी समजतं का?"

"माय, नंबर सांगतो. नंबर टाकूनबी उघडते तो."

"मले नंबर-फिंबर नको! माझा अंगठा परत टाक. चोर कुठला!"

चोर म्हटल्याबरोबर पोराचा चेहरा पडला. सायकल काढली आणि मित्राकडे निघून गेला. जाऊ दे मेला, कुठं जाते, असं म्हणून पुष्पाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

आणि अर्ध्या तासात फोन थरथरला. बंद पडद्यावर नाव आलं, भुपेंद्र. खाली माईकचं चित्र.

बाईनं घाईनं अंगठा टेकवला, उघडेना. हा भुपेंद्र बपेऱ्याचा, बारा एकरांचा धनी. लांबचा पल्ला, पण गाडी त्याची, जेवण त्याचं आणि सोळा जणींना चार दिवस सलग काम. फक्त एक खोड होती. तो फोन करायचाच नाही. करता तर तिनं उचललाही असता, फोन उचलायला अंगठा लागत नाही. तो आपला आवाज भरून पाठवायचा, तोही दोघींना एकदमच, पुष्पाबाईला आणि शेजारच्या गावच्या विमलाबाईला. जी आधी हो म्हणेल तिची टोळी. आता निरोप हातात, पण ऐकता येईना. भुपेंद्रचा नंबर दुसऱ्याच्या फोनवरून लावावा, तर तोही ह्याच डबड्याच्या पोटात. राहिला मनिष. पण ज्याला चोर म्हटलं त्याच्याकडे कोणत्या तोंडानं जायचं? आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात अजून तोच चोर होता. रात्रभर बाई नुसती कूस बदलत राहिली.

सकाळी पहिल्याच गाडीनं ती मोहाडीला येऊन धडकली. ठरवूनच आली होती, आज नवा घ्यायचा आणि ही कटकट मिटवायची. दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं, तर ही वाकून आत.

दुकानातला धनंजय बोलण्यात मोठा पटाईत. त्यानं काउंटरवर चार फोन मांडले आणि सुरू झाला. "मावशी, हा पाहा. अॅल्युमिनियमची फ्रेम, काच अशी का खिळा घासा. वजन सांगा किती? हातात हाय असं वाटतेच नाई!"

"मंग हरपला कवा हे तरी कसं समजन?" बाई म्हणाली. तिनं फोन हातात घेतला, तो सुळकन निसटला. "बाप्पा! हा तं मांगूर मासा हाय. कमरेत राहीन का हा?"

"कमरेत कोन ठेवते, मावशी?"

"आमी सोळाच्या सोळा जणी ठेवतो. वाकलं का मोडन हा. मोठा पडदा नको मले, तू फक्त अंगठ्यानं उघडणारा दे. लवकर कर बाबा."

"मंग लावा अंगठा. उचला. लावा. उचला."

पडद्यावरचं ठशाचं गोल काही भरेना. धनंजयनं तिचा अंगठा कापडानं पुसून घेतला. भरेना. दुसरा फोन काढला, मग तिसरा, सगळ्यात महाग. डाव्या हाताची बोटं झाली, उजव्याची झाली. पुष्पाबाईची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, साडेदहा वाजून गेलेले. तिकडे विमलाबाईनं हो म्हटलं असेल का? तिच्या पायाला स्वस्थता नव्हती.

धनंजयनं तिचा हात धरून ट्यूबलाइटकडे वळवला. अंगठा पांढराफटक, गुळगुळीत. त्यावर एक रेघ दिसेना.

"मावशी, रोवण्याले जाता का?"

"वीस दिवस झाले."

"मंग फोन चांगला हाय तुमचा. माझ्याजवळचा कोणताबी घ्या, तो असाच करन. पऱ्हे उपटून, चिखलात खुपसून रेघा घासल्या. रोवणा संपला का येतीन परत. रेशनच्या मशीनवर लागते का अंगठा?"

"ते मशीन तं दर पावसाळ्यात खराबच होते..." असं बोलून बाई मध्येच थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"मंग करू का पॅक एखादा?"

"कायचा पॅक करतं! नवा अंगठा हाय का तुझ्याजवळ?" ती खेकसली. मग आवाज उतरला. "मले एक फोन लावून दे. पोराचा नंबर तोंडपाठ हाय."

मनिष दहा मिनिटांत आला. पाठीवर दप्तर, नजर दुसरीकडेच. धनंजयला काय सुचलं कोण जाणे, त्यानं मनिषचा अंगठा धरून त्या महागड्या फोनवर टेकवला. गोल भराभर भरलं. "पाहा मावशी, मशीन बरोबर हाय."

पुष्पाबाईनं पोराचा अंगठा आपल्या हातात घेऊन पाहिला. एकावर एक रेघा, नुकतंच विंचरल्यासारख्या साफ. त्याला तिनं एकोणीस वर्षांत कधी बांधीत पाय टाकू दिला नव्हता. तू शीक, तू सावलीत बस, हात भरवू नको. आणि त्याच हाताला चोर म्हणून बसलो आपण!

"फोन दे," मनिष पुटपुटला. सहा आकडे टाकले, फोन उघडला, आणि भुपेंद्रचा आवाज दुकानभर झाला. "पुष्पाबाई, पऱ्हे तयार हायत. परवापासून या. हो म्हणा लवकर." त्याखाली आज सकाळचा दुसरा. "विमलाबाईनं हो म्हटलं, बाई. तुमचा काही पत्ताच नाई. पुढच्या साली पाहू."

धनंजय उगाच फोन डब्यांत भरू लागला.

"माय, मी बोलतो त्याइच्याशी. सांगतो, फोन बिघडला होता."

"नाई बिघडला," पुष्पाबाई म्हणाली. तिनं त्याच्या हातून फोन घेतला आणि गावात वाट पाहत बसलेल्या कुंताबाईला लावला, तिच्या टोळीतल्या सगळ्यात जुन्या बाईला. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, मनिष समोर होता, तरी तिनं आवाज लहान केला नाही.

"कुंता, बपेऱ्याचं काम गेलं वं. सगळ्याइले सांग, पुष्पामुळं गेलं. काल पोरगा नंबर देत होता, मी त्याले चोर म्हटलं. फोन चांगलाच हाय. रोवणा करून माझाच अंगठा घासला."

तिला वाटलं, आता कुंताबाई चार शिव्या देईल, आणि द्याव्यातच.

"अंगठा घासतेबी का वं?" कुंताबाईनं दबक्या आवाजात विचारलं. "आठ दिवस झाले, माझाबी फोन उघडून नाई राहिला. मी तं सुनेवर आळ घेतला न वं बाई. काल बॅग भरून माहेरी चालली गेली ते, सानगडीले."

"मंग आता माझ्याशी काय बोलत बसली?" पुष्पाबाई ओरडली. "ठेव फोन अन् जाय सानगडीले. आत्ताच्या आत्ता जाय!"