ज्येष्ठमधाच्या चकत्या

मी एक जुने मडके आहे, काढा उकळायचे. जन्म? माती, भट्टी, धूर. संपले. मित्रांनो, आज मला स्वतःचे कौतुक सांगायचे नाही, भांडायचे आहे.

चीनमधल्या चेंगदू शहराच्या एका गल्लीत तान दाहाईचे नूडल्सचे दुकान आहे. माणूस असा की बसला तर खुर्ची कण्हते. रक्तदाब चढून चढून त्याच्या हृदयाची भिंत जाड झाली. वैद्यीण म्याओबाईंनी काढा लिहून दिला आणि बजावले, "दवाखान्याची गोळी चालूच ठेवायची. मीठ कमी. खारवलेलं मांस बंद."

मी रोज तापले, रोज उकळले.

आणि तान? काढा प्यायचा, तोंड पुसायचा, मांसाची ताटली ओढायचा. "काढा आहे ना पोटात! चरबी धुऊन काढेल."

"धुवायला तो काय तुझी मोलकरीण आहे, जाड्या?" बायको ग्वेफांग म्हणायची.

पण तीही काही कमी नव्हती! तान कडू कडू म्हणून कुरकुरला, तर तिने बाजारातून ज्येष्ठमध आणून रोज मूठभर माझ्यात टाकला. "सगळ्याच काढ्यांत असतो हा. म्याओबाई विसरल्या असतील."

विसरल्या? मुद्दाम टाळला होता! त्याने रक्तदाब चढतो. मी फसफसले, झाकण उडवले, उतू गेले. ग्वेफांगने आच कमी केली. बस.

तानचे पाय सुजले. जिन्यात धाप लागू लागली. "आजार बाहेर पडतोय," तो म्हणाला. बाहेर!

इथे काढ्याचा चोथा रस्त्यावर ओततात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की आजार निघून जातो म्हणे. एका सकाळी म्याओबाई त्यावरून चालल्या होत्या. थबकल्या. वाकल्या. पिवळ्या चकत्या मुठीत घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, हा ज्येष्ठमध कुणी टाकला?"

"कडू लागतो हो त्यांना..."

"मग मरण गोड लागेल का?"

तानला धरून दवाखान्याच्या गाडीत घातले, तेव्हाही तो ओरडत होता, "मडकंच वाईट आहे! फोडा ते!"

मी वाईट?

तो वाचला. पण हृदय पूर्वीसारखे नाही. दुकानाचे शटर आता ग्वेफांग उचलते. मित्रांनो, मला जपा, घासून ठेवा, असे मी म्हणणार नाही. वैद्याने सांगितले तेवढेच माझ्यात टाका. आणि काढा पिऊन पुन्हा तीच ताटली ओढणार असाल, तर मला चुलीवर चढवूच नका. तुमच्या हट्टासाठी मी जळणार नाही.