फक्त तिला ऐकू येणारी घूं घूं

मी कपाटामागे उभी करून ठेवलेली ट्यूबलाइट बोलतेय. माझ्या आवाजावरून या खोलीत आधीच बरंच रामायण झालंय.

कारखान्यातून निघाले तेव्हा पांढरीशुभ्र होते. चष्म्याच्या काचा तपासायच्या या खोलीत मला छताला लावलं. माझा चोक जुना, दिवसभर घूं घूं करायचा. गुन्हा त्याचा, बदनाम मी! पण ती घूं घूं कुणाला ऐकूच येत नसे. एकट्या धाकटीला यायची.

धाकटी म्हणजे बाहेर काउंटरवर बसणाऱ्या ताईची बहीण. ताईनेच तिला इथे चिकटवलं होतं, वर तंबी दिली होती, "तुझं ते ऑटिझम-बिटिझम इथे बोलायचं नाही. नीट वाग."

धाकटी नीट वागायची. कानात कापूस घालायची, झुलावंसं वाटलं की टेबलाची कड घट्ट धरून बसायची. तरी साहेब खेकसायचे, "डोळ्यांत बघून बोल!" पॅकिंगवाल्या बाई तिला माझ्याच नावाने हाक मारायच्या आणि सगळे खिदळायचे. मला चीड यायची. उशिरा पेटण्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

एकदा बाईंना गंमत सुचली. त्या माझं बटण चालू-बंद, चालू-बंद करत सुटल्या. धाकटी कान दाबून टेबलाखाली शिरली आणि किंचाळली. हशा पिकला. ताई धावत आली आणि दातओठ खात म्हणाली, "ऊठ! माझं नाक कापलंस."

साहेब म्हणाले, "उद्यापासून हिला आणू नका."

धाकटी टेबलाखालून बाहेर आली. नजर जमिनीवर.

"मी ऑटिस्टिक आहे."

"साहेब, तसं काही नाही हो," ताई घाईने म्हणाली.

"तसंच आहे. मला लाज नाही वाटत. ताईला वाटते. बटण मी नाही खेळवलं. ज्यांनी खेळवलं त्यांना काढा."

मग ती स्टुलावर चढली, मला फिरवून उतरवलं आणि साहेबांच्या टेबलावर आडवं ठेवलं. "आता ऐका."

घूं घूं थांबली होती. जी कुणाला कधी ऐकू आली नव्हती, ती थांबलेली मात्र सगळ्यांना कळली. बाईंनी चमकून छताकडे पाहिलं.

म्हणून कुणी विरघळलं नाही हं! साहेब गुरगुरले, "राहा. पण असले लाड रोज चालणार नाहीत." बाईंना कुणी काढलं नाही. त्या आता टोमणे हळू आवाजात मारतात. ताई डबा घेऊन दुसरीकडे बसते; बोलणं बंद आहे.

धाकटी टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात काचा तपासते. कड धरत नाही. मनाला येईल तेव्हा, सगळ्यांदेखत, मागेपुढे झुलते.

मी इथे धूळ खातेय, पण तक्रार नाही. मला परत वर चढवायचं कुणाच्या मनात आलंच, तर आधी तिला विचारा.