शिंगाड्याच्या पोळ्या आणि मेक्सिकोची कोंबडी

दुपारी तीनच्या सुमाराला लालबागच्या त्या खोलीत ऊन यायचं ते थेट पाट्यावर. रखमा त्या उन्हात पाय पसरून बसायची, डोळे अर्धवट मिटायची आणि मेक्सिकोच्या बाईशी बोलायची.

बाईचं नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, पण कामाची दिसत होती. तिच्या पाट्याला खाली तीन पाय होते आणि ती गुडघ्यांवर बसून सुक्या मिरच्या वाटत होती. रखमाला हे लहूने सांगितलं होतं. लहू तिचा एकुलता एक मुलगा, अकरा वर्षं परदेशी जहाजावर आचारी. मेक्सिकोच्या कुठल्याशा बंदराला जहाज लागलं तेव्हा तिथल्या बाजारात त्याने ती म्हातारी पाहिली. "आये, एक मिनिट वाटलं तूच बसलीयस," तो म्हणाला होता. तेवढ्यावर रखमाने अख्खा देश उभा केला. त्या देशात सगळ्या बायका दुपारी मिरच्या वाटायच्या, समुद्र अंगणात यायचा आणि कुणाचं पोर आजारी पडायचं नाही.

इथे तिचं पोर मात्र आजारी होतं. चौतीस वर्षांचा गडी, पण जहाजावरून उतरला तेव्हा खांद्यावरचा शर्ट दांडीवर टाकल्यासारखा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, गव्हाशी त्याच्या आतड्याचं वैर आहे. गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, तो जन्मभर बंद. आणि आतडं सावरेपर्यंत सहा महिने बाकीची धान्यंही नकोत, दूधदुभतं नको. तांदूळ नको, ज्वारी नको, मकासुद्धा नको.

"मगे खातलस काय? वारो?" रखमाने विचारलं.

"मी बघतो माझं," लहू म्हणाला. त्याने गॅलरीच्या कोपऱ्यात विजेची शेगडी ठेवली, नवा तवा आणला, नवी सुरी आणली आणि आपल्यापुरतं रांधायला लागला. कोंबडीचे तुकडे, ढोबळी मिरची, जिरं, लिंबू. जहाजावर मेक्सिकन जेवणाचा विभाग त्याच्याकडेच होता. तिकडे हे सगळं मक्याच्या भाकरीत गुंडाळून खातात, हा कोबीच्या पानात गुंडाळून खायचा. उभ्याउभ्या, रस्त्याकडे तोंड करून.

सुनेने वेगळी चूल मांडली असती तर रखमाने चार शिव्या हासडल्या असत्या आणि मन मोकळं केलं असतं. पोटच्या पोराने मांडली तर काय करायचं? आणि तीही कुणाच्या घरात! याच खोलीत तिची खानावळ होती. गिरणीच्या तिन्ही पाळ्यांचे मिळून चाळीस कोकणी गडी तिच्या हातचं जेवायचे. कोणाला आमटी पातळ लागते, कोण माशाचं डोकं मागतो, कोणाला मंगळवार आहे, हे तिला देवाच्या नावांसारखं पाठ होतं. त्या बाईच्या पोराला आईच्या चुलीचं वावडं व्हावं, याचं तिला फार वाईट वाटायचं.

त्यातून लहू खोटं बोलायचा. काही रांधलं नाही त्या दिवशी म्हणायचा, "मी बाहेर खाल्लं." रखमाला हा आवाज ओळखीचा होता.

गिरण्यांचा ब्याऐंशीचा संप लांबत गेला तशी खानावळीतली माणसं एकेक करून गावी गेली. जी राहिली, ती जेवणाच्या वेळेला यायची, दारात टेकायची आणि म्हणायची, "वहिनी, आमचं झालंय हां. पाहुण्यांकडे जेवलो." खानावळीच्या पातेल्यात काय उरलंय ते त्यांना दिसायचं म्हणून म्हणायची. जेवलेल्या माणसाचा आवाज पोटातून येतो, त्यांचा नुसता ओठांवरून यायचा. तेव्हा सात वर्षांचा लहू तिथेच भिंतीला टेकून असायचा. एका रात्री तोही म्हणाला, "आये, माझं झालंय." बापाने, गणपतने, पान तसंच ठेवलं आणि उठून गॅलरीत गेला. संप कधी मिटलाच नाही, गणपतही फार जगला नाही. लहूने मात्र तेव्हापासून या घरात भूक लागली म्हणून कधी ताट मागितलं नव्हतं. मोठा झाला, जहाजावर हजारो लोकांना जेवू घातलं, पण ही एक खोड गेली नाही.

एका शुक्रवारी तो फोनवर बोलत होता ते तिने ऐकलं. जहाजावरच्या मित्राची पनवेलला खोली रिकामी होती. "किचन आपलं वेगळं असेल ना? बस, मग सोमवारी बॅग घेऊन येतो," लहू म्हणत होता. "नाय रे, म्हातारीला त्रास होतो. तिला काय काय सांगणार?"

त्या दुपारी मेक्सिकोची बाई वाटता वाटता थांबली आणि रखमाकडे बघत राहिली. रखमा म्हणाली, "काय बघतंस? सांगलंस तर बरा होईल." बाईने ओल्या हाताने मिरची ढकलली, लसूण ढकलला, जिरं ढकललं. सगळं लालबागच्या मिरची गल्लीत मिळणारं. मग पाण्याचा हबका मारून ती पुन्हा वाटायला लागली. रखमाचा डोळा लागला तेव्हा नाकात भाजल्या मिरचीचा वास होता, आणि जाग आली तेव्हा तिला धान्याशिवायची भाकरी सापडलेली होती. ती आपल्याच घरात, फळीवर, सोमवारच्या डब्यात होती.

चाळीस वर्षं ती सोमवार धरत होती. शिंगाड्याचं पीठ, रताळी. उपासाला धान्य चालत नाही, म्हणजे लहूला जे वर्ज्य तेच महादेवालाही वर्ज्य! पण त्या डब्याला कधी मासळीचा हात लागला नव्हता. शेजारची पुतळाबाई तर किंचाळलीच.

"शिंगाडा नि कोंबडी? रखमे, पाप लागतला!"

"लागू दे. महादेवाक सांगलंय मी, तुझो डबो उसनो घेतंय म्हणान. तो काय पुतळाबाय हा बोंब मारूक?"

रविवारी सकाळी लहू भायखळ्याच्या बाजारात गेला तशी ती कामाला लागली. ब्याडग्या भिजत घातल्या होत्या, त्या लसूण, जिरं आणि चिमूटभर ओव्याबरोबर पाट्यावर वाटल्या. पाटा आधी गरम पाण्याने तीनदा धुतला. कोंबडीला ते वाटण, मीठ, लिंबू चोळून ठेवलं. कांदा-टोमॅटो-कोथिंबीर बारीक कापून त्यात हिरवी मिरची चुरडली. तिकडचे लोक वर साय घालतात, तिने नारळाचं दाट दूध काढून त्यात लिंबू पिळलं. कोंबडी तव्यावर पडली तशी खोली लाल वासाने भरली आणि रखमाला वाटलं, अंगणात समुद्र आलाय. मग उकडलेलं रताळं शिंगाड्याच्या पिठात मळून ती पोळ्या लाटायला बसली. हात आपसूक चालत होते. जवळच ती बाई बसली होती, दोघी बोलत नव्हत्या, आणि रखमाला फार सुख वाटत होतं.

लहू आला तो दारातच थांबला.

"हा वास कसला?"

"तुज्या मेक्सिकोचो. बस. धान्य नाय, दूध नाय. सगळा इचारून केलंय."

"कोणाला विचारून?"

"आसा एक बाई. जेव तू."

तो बसला. कितीतरी वर्षांनी त्या खोलीत मांडी घालून बसला. त्याने पोळीचा तुकडा मोडला, त्यात कोंबडी धरली, नारळाच्या दुधात बुडवली. घास तोंडाशी नेला आणि त्याच वेळी रखमाची नजर पोळपाटाच्या डाव्या अंगाला गेली. तिथे पिठीचा डबा उघडा होता.

लाटताना लावायची गव्हाची पिठी. चाळीस माणसांच्या चपात्या लाटलेला हात. पोळी चिकटायला लागली की तो डावीकडे जातो, डोक्याला विचारत नाही. प्रत्येक पोळीला दोनदा गेला असणार.

"टाक! टाक तो!" ती ओरडली, त्याच्या मनगटावर फटका मारला आणि समोरचं ताट ओढून घेतलं. घास जमिनीवर पडला. वाढलेलं ताट तिने जन्मात कुणाच्या पुढ्यातून उचललं नव्हतं, संपातसुद्धा नाही. ताट मांडीवर धरून ती बसली. मेक्सिकोच्या बाईचा पत्ता नव्हता. खोलीत ऊनही नव्हतं.

"चाळीस माणसांक पोसलंय मी," ती कशीबशी म्हणाली, "नि तुका इख वाढूक बसलंय. जा बाबा तू. पनवेलाक जा. तुजी चूल येगळीच बरी."

लहू उठला. रखमाने डोळे मिटून घेतले. आता बॅग काढील, असं तिला वाटलं. पण मोरीत नळ सुटल्याचा आवाज आला. लहू पोळपाट घासत होता. मग लाटणं, मग तवा, मग तिच्या मांडीवरचं ताट, साबण लावून पुन्हापुन्हा, जहाजावर घासतात तसं. तिचे दोन्ही हात धरून त्याने तेही धुतले, नखांत बोट घालून. आधीच्या पोळ्या, मळलेलं पीठ आणि पिठीचा डबा पुतळाबाईच्या दारात ठेवून आला, हात धुऊन रताळं-शिंगाड्याचा नवा गोळा मळला. मग तिच्या डाव्या अंगाला, अगदी चिकटून बसला.

"लाट आता."

"चुकतलंय रे मी परत. हात ऐकणा नाय."

"नाही ऐकला तर नाही. लाट तू."

तिने गोळा घेतला, लाटला. पोळी चिकटली. हात डावीकडे गेला. तिथे लहूचा तळहात होता, आणि त्यावर शिंगाड्याच्या पिठाची लहानशी रास. तिने चिमूट घेतली, भुरभुरवली. पुढच्या पोळीला हात पुन्हा गेला, तळहात तिथेच होता. रखमाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ती लाटत गेली, तो हात पसरून बसून राहिला.

तव्यावर पहिली पोळी फुगली. तशी लहूने आपलं ताट स्वतःच ओढून तिच्यासमोर ठेवलं.

"वाढ ना, आये," तो म्हणाला. "भूक लागलीय."