उत्तर न देणारी माणसं

मिटिंगच्या खोलीत झुनिल्दाने पडद्याजवळची आपली रोजची खुर्ची सोडली आणि थर्मास उचलून ती टेबलाच्या पार शेवटी जाऊन बसली.

"तिथे बस," रिकाम्या खुर्चीकडे हनुवटी उडवत ती अनालियाला म्हणाली. "आज तू बोलणार आहेस."

अनालियाने तळहात स्कर्टला पुसले आणि बसली. आत येणारा हेरिब ही अदलाबदल बघून दारातच थबकला.

पाराग्वेतल्या आसुन्सिओन शहरातली ही छोटी कंपनी हेरिबची. दवाखान्यात फोनवरून नंबर लावायचं ॲप ते बनवत. त्या ॲपमध्ये काय घालायचं, काय वगळायचं, आधी कुणाचं गाऱ्हाणं ऐकायचं, हे प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून झुनिल्दा ठरवी. अनालिया तिच्या हाताखालची ज्युनिअर, काआसापाकडच्या एका खेड्यातून आलेली. तिच्याविषयी हेरिबचं मत झुनिल्दाला पाठ होतं. "पोरगी गुणी आहे, पण मिटिंगमध्ये मुकी. वर्ष संपत आलं. कायम करायची, तर काय बघून करू?"

"तू कुणाला बोलू देशील तर ना," झुनिल्दा तेव्हा म्हणाली होती. "मला एक मिटिंग दे. मग बघ."

त्यानंतर तिने अनालियाला दवाखान्यांच्या बाकांवर बसायला पाठवलं. काही विचारू नकोस, नुसती बस, असं सांगून.

सोमवारी ॲपमध्ये नवी सोय सुरू व्हायची होती. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी फोन विचारणार, 'उद्या येणार ना?' उत्तर आलं नाही, की तो नंबर पुढच्या माणसाला. डॉक्टर रिकामे बसून राहतात ही दवाखान्यांची जुनी तक्रार त्याने मिटणार होती. नियम झुनिल्दाने बसवलेला, आणि हेरिबने तो गावभर मिरवलेला.

अनालियाने घसा साफ केला.

"सोमवारी हे सुरू करू नये, असं माझं मत आहे."

हेरिबने चटकन झुनिल्दाकडे पाहिलं. ती तेरेरे या थंड चहासाठी पेल्यातल्या पाल्यावर गार पाणी ओतत होती. धार चुकली आणि टेबलावर सांडली. अनालिया असं काही बोलणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"का?" हेरिबने विचारलं.

"उत्तर न देणारी माणसं येत नाहीत, असं आपण धरून चाललोय. पण ती येतात. मी बघितलंय. पहाटेची बस पकडून सगळ्यांच्या आधी येतात. फोन मुलाकडे असतो, नाहीतर रिचार्ज संपलेला असतो. आपण त्यांचा नंबर दुसऱ्याला देऊन टाकणार, आणि ती दारात उभी असणार."

"अगं, पण नियम झुनिल्दाचा आहे. तिने काय झोपेत केलाय?"

अनालियाचे कान लाल झाले. "मला येतं ते सगळं त्यांनीच शिकवलंय. पण हा नियम चुकलाय."

"झुनिल्दा, तू बोल की काहीतरी!"

झुनिल्दा फडक्याने टेबल पुसत होती. कोरडं झालं तरी पुसत होती.

"मिटिंग तिची आहे," ती म्हणाली. "मग काय करायचं, ते तिलाच विचार."

अनालियाकडे त्याचंही उत्तर होतं. जो 'नाही' म्हणेल त्याचाच नंबर पुढे द्यायचा. जो गप्प राहील, त्याचा तसाच ठेवायचा. काही डॉक्टर थोडा वेळ रिकामे बसतील, तर बसू देत. हेरिबने बरीच हुज्जत घातली, दवाखान्यांना आता कुठल्या तोंडाने सांगू म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, "मी येते ना बरोबर. मी सांगते." शेवटी त्याने हातातलं पेन टेबलावर टाकलं.

"ढकला पुढे. पण शिव्या तू खायच्या, पोरी."

जाता जाता तो झुनिल्दापाशी वाकला. "हिला मुकी कोण म्हणालं होतं?"

"तूच."

मागच्या अंगणात, आंब्याखाली, डिसेंबरचं, भर उन्हाळ्यातलं ऊन पानांतूनही भाजत होतं. झुनिल्दा थर्मास घेऊन तिथे गेली, तर अनालिया पायरीवर बसून डोळे पुसत होती.

"ताई, आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. काल तुमच्या टेबलापर्यंत आले होते. धीरच झाला नाही."

"मला वाटलंच, काल ही सारखी घुटमळतेय कशाला."

"रागावलात?"

"आला की राग. दगड आहे का मी?" झुनिल्दा तिच्या शेजारी टेकली. पेला भरून तिने पुढे केला. "पण आधी सांगितलं असतंस, तर मी तुझं मन वळवलं असतं. मला चांगलं जमतं ते. आणि तुला पटलंही असतं."

अनालिया नळीने सावकाश प्यायली. पेला परत करताना म्हणाली, "आभारी आहे, ताई." तेरेरेचा पेला परत देताना आभार मानले, म्हणजे आता नको, असा रिवाज होता.

"आभार मानलेस? म्हणजे पुरे झालं तुला? थर्मास अजून भरलाय."

"नाही, नाही, तसले आभार नाहीत!" अनालिया रडता रडता हसली. "पेल्याचे नव्हते ते."

"मग घे अजून."

दोघी थर्मास संपेपर्यंत तिथेच बसल्या.

आपल्या जागेवर परतल्यावर झुनिल्दाने गावी आईला फोन लावला. हा काही तिचा फोन करायचा दिवस नव्हता.

"आई, दवाखान्यातून फोनवर विचारलं, उद्या येणार का म्हणून, तर तू काय करशील?"

"काय करणार? जाईन की."

"तसं नाही. त्यांना उत्तर काय देशील?"

"उत्तर कशाला द्यायला हवं? नंबर लावलाय म्हणजे माणूस जाणारच ना!" पलीकडे कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला. "का गं? भर कामाच्या वेळी हे काय सुचलं तुला?"

काचेपलीकडे हेरिबने अनालियाला गाठलं होतं. तो हातवारे करत होता आणि ती मान हलवून नाही म्हणत होती.

"आमच्याकडे एक मुलगी आहे, आई," झुनिल्दा म्हणाली. "तुझं हे उत्तर तिला माझ्याआधी ठाऊक होतं."