पाण्यात उतरलेली पोरं

संघप्रियानं डॅनिश पोलिसांच्या मेलमधलं ‘उनरसोए’ पुन्हा एकदा वाचलं आणि इंग्रजी मजकुरात ‘इन्व्हेस्टिगेट’ लिहिलं. दसऱ्यापर्यंत मेलमध्ये दुसरं क्रियापद असायचं, ‘एफ्टरसोए’. म्हणजे हरवलेल्या माणसाचा शोध घेणं. तेव्हा ती ‘सर्च’ लिहायची. मग शोध थांबला. माणूस बोटीवरून पडलाच कसा, याची चौकशी तेवढी उरली. नवऱ्याच्या नोकरीपायी कोपनहेगनला काढलेल्या वर्षांची कमाई म्हणजे ही भाषा, आणि ती असल्या कामी यावी याचा तिला वीट आला होता.

इंग्रजी मजकूर हे प्रकरण पाहणाऱ्या मुंबईच्या वकिलाकडे जाई. त्यात तिनं कधी शब्द इकडचा तिकडे केला नाही. खोटं होतं ते फक्त मराठीत.

समोर कुंभारीची नीलम्मा बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. तिचा मुलगा विरेश त्या डॅनिश बोटीवर खलाशी होता आणि गणपतीत बेपत्ता झाला. मेल आला की ती बस धरून सोलापूरला येई.

“काय म्हंत्यात?”

“शोधतायत, मावशी.”

दसऱ्यापासून हेच. पहिल्यांदा कीव येऊन तोंडातून निघून गेलं. पुढं मागं घ्यायचा धीर झाला नाही.

नीलम्मा टेबलाकडं सरकली.

“ताई, तुमाला त्यांच्या बोलीत लिवता येतंय न्हवं?”

“येतं की.”

“मग लिवा. आता शोधू नका म्हनावं.”

संघप्रियानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पुतण्यानं मोबाइलवर दावलं. तितं बरफ पडतोय,” नीलम्मा म्हणाली. “पाण्यात उतरनारी पोरं बी कुनाची तरी हाईतच की. माझ्या एका पोरापायी लई झालं. अंथरुनाला पाठ टेकली की तीच दिसत्यात, कुडकुडताना. आमच्या लिंगायतात मानसाला मातीत बसवत्यात. त्यानं जाताना गळ्यातलं लिंग घरी ठिवलंय, तेच मातीत ठिवू. त्याचा बा बी व्हय म्हनलाय.”

दसऱ्यापासून त्या पाण्यात कुणीच उतरलं नव्हतं. आणि ही बाई संघप्रियाच्या ‘शोधतायत’ या एका शब्दापायी परक्या लेकरांची थंडी सोसत बसली होती. सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण मग काय उरलं असतं हिच्या हातात? पोराला सोडायचं हिनं आत्ता ठरवलं होतं. पोलिसांनी तर केव्हाच सोडलं होतं.

तिनं चष्मा चढवला आणि डॅनिशमध्ये दोन ओळी टाइप केल्या. आईचं म्हणणं जसंच्या तसं. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ लागणार नव्हता.

“लिहिलं, मावशी. पाठवलं.”

“ऐकतील का वो?”

“ऐकतील.”

“मंजी आज न्हाय उतरनार?”

“नाही. आज कुणीच उतरणार नाही.”

नीलम्मानं मुठीतला पदर सोडला.

“बरं झालं,” ती म्हणाली. “जाऊ द्या त्यास्नी घरी. आया वाट बगत असतील.”