उत्तर पूर्ण वाक्यात

“ताई, माझी सून घरात तोंड उघडत न्हाई. इथं काय बोलली तर जरा ध्यान ठेवा,” बावधनच्या आनंदीबाई क्लासच्या जिन्यात नम्रताला म्हणाल्या होत्या. नम्रतानं मान डोलावली आणि मनात म्हटलं, सासूबाईंना हेर हवाय, दुसरं काय!

कोथरूडच्या त्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात निम्म्या बायका एकाच धास्तीनं यायच्या: नर्सरीच्या प्रवेशाला शाळा आईबापांची मुलाखत घेते. नम्रता नागपूरची एम.कॉम., नवरा आयटीत, तरी लेकीच्या, सृष्टीच्या शाळेचं नाव काढलं की ती विषय बदलायची. आनंदीबाईंची सून ऋतुजा तर आदल्या वर्षी मुलाखतीत गप्पच बसली होती. पोराचा प्रवेश हुकला. ‘तुझ्यामुळं वाटोळं झालं,’ हे तेव्हापासून घरात रोजचं.

त्या दिवशी सरांनी जोड्या लावल्या. एकीनं दुसरीची मुलाखत घ्यायची, मराठी बंद, उत्तर पूर्ण वाक्यात.

“व्हॉट डू यू वॉन्ट टू डू नेक्स्ट इयर?” नम्रतानं विचारलं.

ऋतुजा ओढणीचं टोक पिळत राहिली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, “आय वॉन्ट टू गिव्ह माय लाइफ.”

“व्हेरी गुड!” सर खूश. “टू हूम? टू युअर फॅमिली?”

ऋतुजानं वही मिटून पिशवीत टाकली.

“आमचे हे पाण्याचा पेला उचलून देत नाहीत, आणि ही अख्खं आयुष्य देऊन बसली!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. नम्रतानं उभं राहून जोडीदारणीची ओळख करून दिली: ‘शी वॉन्ट्स टू गिव्ह हर लाइफ टू हर फॅमिली.’ टाळ्या पडल्या.

संध्याकाळी पोळ्या लाटताना तिनं कौतुकानं ते वाक्य नवऱ्याला, अभिनवला ऐकवलं.

“म्हणजे? जीव देणार आहे की काय?” तो हसला.

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. ऋतुजानं मराठीतच सांगितलं होतं. शब्द तेवढे इंग्रजी होते.

क्लासच्या यादीतल्या नंबरावर तिनं फोन लावला. तो ऋतुजाच्या नवऱ्यानं, साईनाथनं उचलला. “क्लासवरनं आली तशी तिला माहेरी धाडलीय. खडकीला, फॅक्टरीच्या क्वार्टरात. आमची आईपण गावाला गेलीय.”

“पत्ता द्या ना, प्लीज. तिच्या जिवाचं काही—”

“मॅडम, झाली ना मुलाखत? आता पुरे.” फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

सकाळी सृष्टीला कडेवर घेऊन ती खडकीला गेली. एकासारख्या एक क्वार्टर्सच्या रांगा. “माहेरचं आडनाव काय?” जो तो विचारी. ते तिला ठाऊकच नव्हतं. चौकीतल्या हवालदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वाक्यावरून तक्रार लिहू काय बाई?”

तुमचं कुणी खडकीच्या त्या क्वार्टर्समध्ये राहत असेल, तर नम्रता हात जोडून सांगते आहे: ऋतुजा नावाची, नुकती माहेरी आलेली, कुणाशी न बोलणारी. आजच जाऊन तिला बघून या. दार उघडलं नाही, तर शेजाऱ्यांना हाका मारा.