डावी बाजू

"आज भाऊचा दिवस नव्हता सर," असं पोरं मला समजावत होती. अकोल्यातला उपांत्य सामना आम्ही कसाबसा जिंकलो होतो, पण देवमनच्या डावीकडून अगदी सोपे गोल गेले होते.

देवमन आमच्या अमरावतीच्या हॉकी संघाचा गोलकीपर. अचलपूरच्या माळ्याचा मुलगा, देशाकडून खेळून आलेला. पेपरवाले त्याला 'वऱ्हाडची भिंत' म्हणतात, कारण त्यांना दुसरं काही सुचत नाही. भिंतीचे गुडघे दुखत नाईत, एवढंच देवमन त्यावर म्हणायचा.

त्याच्यापुढे बचावाला कायम दर्यापूरचा नितेश असे. या वेळी नितेशचा पाय मुरगळला, म्हणून पुण्याचा एक मुलगा घेतला होता. मी सगळा राग त्याच्यावर काढला. ओरडायला काय झालं होतं, म्हणून त्याला झापलं. तो बिचारा म्हणाला, "सर, मी 'आला' म्हणून ओरडलो होतो."

मैदान रिकामं झाल्यावर देवमन माझ्याजवळ आला.

"त्याले काहून बोल्ले सर? 'आला' म्हनेपर्यंत बॉल आलेलाच असते. नितेश 'येऊन राहिला, येऊन राहिला' म्हने, तवा मले टाइम भेटे."

नितेशच्या त्या ओरडण्याला आम्ही कॉमेंट्री म्हणून हसायचो. मला अजूनही कळलं नव्हतं.

"डाव्या डोयानं दिसत नाई मले," देवमन म्हणाला. "मागं बॉल लागला तवापासून. नितेशले मालूम हाय, अन् घरी बायकोले, सुभद्रेले."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. उद्याची फायनल खेळ, म्हणालो. तुला बघायला अचलपूरहून माणसं येणार आहेत. पुण्याच्या पोराला 'येऊन राहिला' म्हणायला शिकवतो, मग हारतुरे घेऊन मानानं निवृत्त हो.

देवमननं हेल्मेट चढवलं, जाऊन गोलात उभा राहिला.

"डावीकून एक टाका सर."

मी डाव्या बाजूला गेलो आणि चेंडू हळूच सोडला. तो गवतावरून सरळ, त्याच्या पॅडजवळून जाळीत गेला.

देवमन समोर बघत, गुडघे वाकवून तयार उभा होता.

"टाका न सर," तो म्हणाला.